गड्ड्यात एक ओळ सोलापूरच्या मालाची पाहिजे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गड्डा, म्हणजे आपली जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, जवळ आला की दरवर्षी आपल्या पेपरात त्याच त्या पत्रांचा रतीब सुरू होतो, होम मैदानावरची धूळ, पाळण्यांचे दर, पार्किंग, कर्ण्यांचा आवाज, आणि मग त्याच्यावर कोणीतरी उत्तर लिहितं की यात्रा म्हणल्यावर हे चालायचंच, सहन होत नसेल तर घरी बसा. मला यातलं काहीच लिहायचं नाही. मागच्या डिसेंबरात मुलीकडं जर्मनीला जायचा योग आला, तिथं न्युरेंबर्गचा ख्रिसमस बाजार बघितला आणि बघताना डोक्यात सारखा आपला गड्डाच चालू होता. मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. गड्ड्यात दुकानांची एक पूर्ण ओळ अशी पाहिजे की जिथं फक्त सोलापूर जिल्ह्यात बनलेला माल मिळेल आणि तोही बनवणाऱ्यानंच विकायचा, आणि चहा-रसाचे ग्लास डिपॉझिटवर द्यायचे. एवढंच.

आता लगेच म्हणाल आला बघा फॉरेनहून शहाणा होऊन. म्हणा, चालतंय. पण तिकडं सगळं सोन्याचं आणि इकडं सगळा उकिरडा असं सांगणारे लोक मलाही आवडत नाहीत, आमच्या कॉलनीत असे दोन-तीन आहेत, त्यांच्या स्वित्झर्लंडच्या फोटोंनी व्हॉट्सअॅपचा ग्रुप भरलेला असतो.

तर न्युरेंबर्ग. म्युनिकपासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावरचं जुनं तटबंदीचं शहर, वर टेकडीवर किल्ला. गावाच्या मधोमध हाउप्टमार्क्ट म्हणून मोठा दगडी चौक आहे आणि त्याच्या एका अंगाला फ्राउएनकिर्श नावाचं चर्च, चौदाव्या शतकातलं. त्या चर्चच्या समोर डिसेंबरभर लाकडी स्टॉल उभे राहतात, एकशे ऐंशीच्या आसपास, आणि सगळ्यांच्या डोक्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यांच्यात महत्त्वाचे असतात, त्यातल्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी बाजार उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारी बंद होतो. म्हणजे ऐन सणाला बाजार नाही, त्या दिवशी सगळे आपापल्या घरी. आपल्याकडं उलटं, अक्षता पडल्या, होम झाला की गड्ड्याला खरा रंग चढतो आणि पुढं महिनाअखेरपर्यंत गर्दी हटत नाही.

माझं उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात गेलं त्यामुळं लोक दिवे बघत होते आणि मी कापड बघत होतो. सगळ्या स्टॉलवर एकच पट्टा, एकच लाल, रुंदी पण सारखी, कुठं एखाद्यानं हौसेनं निळं लावलंय, कोणाचा फ्लेक्स, कोणाचा मोबाईल कंपनीचा बॅनर, असं काहीच नाही. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, बाबा तो नियमच आहे इथला. महापालिकेचं मार्केट खातं बाजार चालवतं, जागा कोणाला द्यायची ते तेच ठरवतं, आणि प्लॅस्टिकच्या माळा, टेपवरची गाणी असल्या गोष्टी चौकात चालत नाहीत. बँड असतो, पोरांचा गाणारा ग्रुप असतो, पण ते प्रत्यक्ष उभं राहून वाजवणार आणि गाणार. एवढी गर्दी असून शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येत होतं, हे मला त्या दिव्यांपेक्षा जास्त आवडलं. शिवाय जो स्टॉल सगळ्यात चांगला सजवलेला त्याला दरवर्षी बक्षीस असतं, सोनेरी, चंदेरी आणि ब्राँझ, त्यामुळं नियमात राहून पण एकमेकांची चुरस लागलेली असते.

ते बक्षीस ज्याच्या नावाचं आहे तो प्रकार सांगतो कारण तो मला लई आवडला. सुकवलेल्या आलुबुखाराच्या बाहुल्या. तारेच्या सांगाड्यात आलुबुखार ओवून हात-पाय-पोट करतात, डोकं म्हणजे अख्खा अक्रोड, त्याच्यावर रंगानं डोळे आणि तोंड काढलेलं, आणि वर कपडे घालतात. एका स्टॉलवर एक बाई टेबलाशी बसून तेच करत होत्या, चिमट्यानं तार वाकवायची, एक एक काळं सुरकुतलेलं फळ सरकवायचं, मग बोटभर रुंदीच्या चिंधीचा एप्रन. मागच्या फळीवर डॉक्टर, सुतार, नवरा-नवरी, धुराडं साफ करणारा, सगळे ओळीत उभे. मी बराच वेळ उभा राहिलो तर त्यांनी हसून एक हातात दिली, वजन काहीच नाही, आणि मनुक्यासारखा वास. घेतली नाही, कारण किंमत बघितली. पण हे लक्षात राहिलं की वस्तू करणारी बाई आणि विकणारी बाई एकच होती, आणि लोक पैसे देताना तिच्या हाताकडं बघत होते.

खाण्याचं म्हणाल तर तिथं तळहातात मावेल असा सॉसेज मिळतो, बोटाएवढा, तीन-तीन एका पावात घालून देतात. आमच्या सौ. माळकरी, त्यामुळं त्या वासापासून आम्ही चार हात लांबच होतो, पण जावयानं खाता खाता त्याची माहिती सांगितली ती लिहिण्यासारखी आहे. त्या सॉसेजची लांबी सात ते नऊ सेंटिमीटरच पाहिजे, आणि तो न्युरेंबर्ग शहराच्या हद्दीतच बनलेला पाहिजे, तरच त्याला न्युरेंबर्गचा म्हणायचं, २००३ पासून युरोपात तसं कायद्यानं संरक्षण आहे. तसंच त्यांच्या लेबकुखेनला, १९९६ पासून. लेबकुखेन म्हणजे मसाल्याचं गोड बिस्कीट समजा, मऊ असतं, त्यातल्या सगळ्यात वरच्या प्रतीच्या मालात मैदा जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत आणि बदाम, अक्रोड असला सुकामेवा भरपूर. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, धणे, आलं, सगळं आपल्या डब्यातलं. पूर्वी आजूबाजूच्या जंगलात मध भरपूर निघायचा आणि व्हेनिसवरून येणारा मसाल्याचा व्यापार याच शहरातून पुढं जायचा, म्हणून हा पदार्थ तिथं रुजला. म्हणजे मसाला इकडचा आणि नाव झालं त्यांचं. सौंनी अंडं आहे का विचारलं, होतं, मग त्यांनी भाजलेले साखरेचे बदाम घेतले आणि सांगितलं की पंढरपुरात याच्यापेक्षा चांगले मिळतात.

आता इथं थांबून एक विचारतो. सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला पण जीआय, म्हणजे गावच्या मालाच्या नावाला तसंच कायद्याचं संरक्षण, आहे, महाराष्ट्रात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, सोलापूरच्या डाळिंबाला आहे. तर मग गड्ड्यात फिरताना यातलं किती दिसतं? चार फेऱ्या मारा, दिल्लीची खेळणी, प्लॅस्टिकच्या बादल्या, दहा रुपयांत काहीही, बाहेरच्या गावातनं आलेली नकली चादर सोलापुरी म्हणून ढिगानं. बांगडी, भांडी, मौत का कुआँ, आकाशपाळणा, भजी, मोठाले पापड, हे पाहिजेच, त्याशिवाय गड्डा कसला, लहान पोरं त्याच्यासाठीच येतात आणि मी पण त्यासाठीच जातो. पण लातूर, उस्मानाबाद, विजापूर, गुलबर्गा अशा चारी बाजूंनी माणूस यात्रेला येतो, त्याला घरी न्यायला सोलापूरची म्हणून एक वस्तू खात्रीनं मिळावी एवढी सोय आपण करू शकत नाही का? पूर्व भागात अजून जकार्डचे, म्हणजे नक्षी विणायचे, माग चालतात, बचत गटाच्या बायका शेंगा चटणी कुटतात, कडक भाकरीचे थर बांधून पुण्या-मुंबईला पाठवतात, हे सगळं गावात आहे आणि मैदानात नाही.

एखादा माग तिथं उभा करा की राव. चालता माग. लोकांनी बघू दे ताण्याचे धागे कसे वर-खाली होतात, आणि चादरीवरचा मोर कसा एक एक पंच कार्डानं, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यानं, उमटतो. आमच्या कारखान्यात शाळेच्या सहली यायच्या तेव्हा पोरं मागापासून हलायची नाहीत, मास्तर हात धरून ओढायचे. आवाज म्हणाल तर त्या कर्ण्यांपेक्षा कमीच आहे.

दुसरी गोष्ट ग्लासाची. तिथं थंडी मरणाची, चार वाजताच दिवस मावळायला लागतो, आणि हातात काहीतरी गरम पाहिजेच. बहुतेक लोक मसाला घातलेली गरम वाईन पितात आणि पोरांना फळांच्या रसाचं गरम पंच मिळतं, आम्ही तेच घेतलं. देतात ते चिनीमातीच्या मगात. कागदी नाही, प्लॅस्टिक नाही, जाड मग, त्याच्यावर बाजाराचं चित्र आणि साल, दरवर्षी डिझाइन नवं. पेयाच्या पैशाबरोबर मगाचे वेगळे काही युरो आधीच घेतात, मग परत केला की ते परत, आवडला तर घेऊन जा आणि डिपॉझिट विसरा. आमच्या सौंचा मग सध्या आमच्या ओट्यावर चमचे ठेवायला आहे. तर सांगायचं हे की रात्री बाजार उठायच्या वेळी पण मी मुद्दाम खाली बघत फिरलो, जमिनीवर मग सोडा, कप पण नाही.

हे ऐकलं की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, अहो त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याला जमणार नाही. रक्तात काही नाही ओ. खिशातले चार-पाच युरो अडकलेत म्हणून मग परत जातो, साधा हिशोब आहे. आणि आपल्याला हे नवीन आहे का? आमच्या लहानपणी सोड्याची, थंड्याची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट घ्यायचा, आणि ती बाटली परत द्यायला आम्ही भर उन्हात पळत जायचो कारण त्या पैशात गोळ्या मिळायच्या. एकही बाटली गटारात दिसायची नाही, आणि दिसलीच तर दुसरं पोरगं उचलून पैसे घ्यायचं. तेव्हा आपल्या रक्तात शिस्त होती आणि आता आटली असं तर नाही ना. उसाच्या रसाच्या गाड्यावर स्टीलचे ग्लास, वीस रुपये डिपॉझिट, धुवायला एका कोपऱ्यात महापालिकेचं पाणी आणि दोन माणसं. धुण्याचं नीट झालं पाहिजे हे खरं, तिथं ढिलाई केली तर लोक परत कागदी कप मागतील आणि बरोबरच मागतील.

आता परंपरेचा मुद्दा, कारण गड्ड्याबद्दल काही बोललं की पहिला हाच येतो. मी स्वतः नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदी घालून चाललेलो आहे, तेव्हा हे मला कोणी शिकवू नये. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लग्न, मग होम, हे जसं आहे तसंच राहणार, त्याला हात लावायचा प्रश्नच येत नाही. मी बोलतोय ते मैदानावरच्या दुकानांबद्दल. दुकानं तर दर पिढीत बदलत आलेली आहेत, आमच्या आजोबांच्या गड्ड्यात काय मिकी माऊसचा जम्पिंग फुगा होता का.

न्युरेंबर्गचं पण तेच आहे. त्यांच्या बाजाराचा जुन्यातला जुना पुरावा म्हणून एक लाकडी डबी दाखवतात, तिच्या बुडावर १६२८ सालचा मजकूर आहे की ही या बाजारातून भेट म्हणून पाठवली, तिथल्या म्युझियममध्ये ठेवलीय. म्हणजे चारशे वर्षं झाली. पण आज जो बाजार दिसतो तो काही चारशे वर्षं जसाच्या तसा चालत आलेला नाही. मधल्या काळात तो गावात इकडं तिकडं फिरला, १९३३ मध्ये नाझींनी तो परत मोठ्या चौकात आणला आणि चर्चच्या सज्जातून ख्रिस्टकिंडनं, म्हणजे सोनेरी केसांच्या देवदूतासारख्या पात्रानं, बाजार उघडायचा सोहळा सुरू केला, तो चौक पण तेव्हा हिटलरच्या नावाचा होता. युद्धात बाजार बंद. २ जानेवारी १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं बसलं, आज दिसणारी निम्मी जुनी घरं नंतर पुन्हा बांधलेली आहेत. १९४८ मध्ये ढिगाऱ्यातच बाजार परत भरवला आणि सज्जातून म्हणायची कविता नवीन लिहून घेतली. पुढं १९६९ पासून ख्रिस्टकिंड म्हणून नटीऐवजी गावातलीच एक मुलगी निवडायला लागले, दर दोन वर्षांनी नवी. २०१९ ला जी निवडून आली तिचे वडील भारतीय, त्यावरून तिथल्या एका उजव्या पक्षाच्या लोकांनी वाईट शेरा मारला, तर अख्खं गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की जुनं नीट ठेवलंय म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते त्यांनी दर पिढीला बसून, भांडून, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवलेलं आहे. ज्या चर्चच्या सज्जातून हा सोहळा होतो ते चर्चसुद्धा १३४९ मध्ये ज्यूंना मारून त्यांची वस्ती आणि प्रार्थनास्थळ पाडलं त्या जागेवर उभं आहे, आणि हे तिथं लपवून ठेवत नाहीत, उघड सांगतात.

आणि तिकडचं सगळंच गोड आहे असं पण नाही. शनिवारी संध्याकाळी इतकी गर्दी की आपण चालत नाही, वाहून जातो, वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणूस येतं म्हणतात. महाग तर विचारू नका, गरम पंच चारेक युरो म्हणजे आपले चारशेच्या घरात, सौंनी प्रत्येक घोटाला रुपयांत गुणाकार केला. चौकाकडं येणाऱ्या रस्त्यांवर गाड्या अडवायचे मोठे अडथळे, पोलीस, कारण २०१६ मध्ये बर्लिनच्या अशाच बाजारात एकानं ट्रक घातला आणि माणसं मेली, पुन्हा २०२४ ला माग्देबुर्गला गाडी घातली. सणाच्या बाजारात असा बंदोबस्त बघून वाईट वाटतं. शिवाय सगळा माल हातानं बनवलेला असतो या भ्रमात पण राहू नका, काही स्टॉलवर मी वस्तू उलटी करून बघितली तर खाली चीनचा शिक्का होता, म्हणजे नियमाला पळवाट तिथं पण निघते.

म्हणून मी म्हणतोय आख्खा गड्डा बदलू नका, एक ओळ करा. रंगभवनच्या बाजूनं माणूस आत आला की पहिली ओळ. तिथं तीस-चाळीस गाळे, सगळ्यांना वर एकच कापड, आणि ते कापड इथंच मागावर विणलेलं, पट्टा कुठला घ्यायचा त्याच्यावर आपण भांडू. चादर, टॉवेल, नॅपकिन, चटणी, भाकरी, हुरडा, डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी पाच-पाच किलोच्या पिशवीत. गाळ्यात बसणारा माणूस स्वतः बनवणारा पाहिजे, त्याच्या कारखान्याचा किंवा बचत गटाचा कागद बघून जागा द्या. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे भाडं. गड्ड्यात जागा महाग झाली की पाळणेवाल्याला परवडते, तो एका संध्याकाळी वसूल करतो, चटणीवाल्या मावशीला परवडत नाही. तिची पन्नास किलो चटणी विकून जे सुटेल त्याच्यात भाडं, लाईटबिल आणि रिक्षा बसली पाहिजे, नाहीतर ती येणार नाही आणि मग आपण म्हणणार की बघा स्थानिकांनाच इंटरेस्ट नाही. या ओळीचं भाडं कमी ठेवून जी तूट येईल ती मोठ्या पाळण्यांच्या जागेवर थोडी थोडी टाकली तर कोणाला कळणार पण नाही.

आमच्या जुन्या कारखान्यातल्या दोघा-तिघांशी बोललो, ते म्हणाले की जागा परवडणाऱ्या भाड्यात मिळाली तर माग उचलून न्यायचा खर्च आम्ही करू. एकजण मात्र म्हणाला की धुळीत पांढरा टॉवेल मांडला तर दोन तासात तपकिरी होईल, त्याचं काय? मुद्दा बरोबर आहे. त्या ओळीपुरतं तरी खाली मॅट आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा टँकर लागेल.

आपल्या पेपरच्या वाचकांत आधी गड्ड्यात दुकान लावलेले लोक नक्की असतील. त्यांनी लिहून कळवावं की दहा बाय दहाच्या जागेला त्यांनी किती भाडं दिलं आणि हातात किती राहिलं. ते आकडे छापून आले की यात्रेचं नियोजन करणाऱ्यांकडं नुसतं मागणीचं पत्र घेऊन जाण्यापेक्षा हिशोब घेऊन जाता येईल, आणि डिसेंबर उजाडायच्या आत गेलं पाहिजे, कारण जागा वाटून झाल्यावर गेलं तर पुढच्या वर्षी या म्हणतात.

आपला,
एक जुना वाचक (आणि निवृत्त टॉवेलवाला)
पूर्व भाग, सोलापूर